पंप कोणाच्या सांगण्यावर चालू आहे?

मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळचे सव्वासहा. गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आजींचा फोन. त्या इतक्या लवकर कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलतानाच पोटात गोळा आला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "अगो बाय, बावीत पाणी नाही. घागर दगडावर आपटली."

बाव म्हणजे विहीर. आजी रोज पहाटे देवपूजेचं आणि तुळशीचं पाणी स्वतः तिच्यातून ओढतात. घरात टाकी आहे, नळ आहेत, पण लग्न होऊन आल्यापासूनची ती सवय आहे आणि त्यांना ती मोडायची नाही. रहाटाच्या दोरीला एके ठिकाणी लाल चिंधी बांधलेली आहे. भर मे महिन्यातसुद्धा चिंधी काठाशी आली की घागर पाण्याला लागते. त्या दिवशी चिंधी काठाशी आली, खाली गेली, आणखी बरीच दोरी सुटली आणि मग खालून तांब्याचा आवाज आला. घागरीच्या बुडाला चेप आली आहे. मी ती हातात घेऊन पाहिली आहे.

त्या घरातलं ऑटोमेशन, म्हणजे दिवे, पंखे, पंप आपोआप चालवणारी यंत्रणा, मी बसवलं आहे. पंप माझ्या प्रोग्रामवर चालतो. हे सगळं लिहिते आहे ते याच धंद्यातल्या, विशेषतः नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींसाठी, कारण चूक अगदी छोट्या जागी होती आणि ती जागा आपण सगळे रोज वापरतो.

आधी घराविषयी. जांभ्या चिऱ्यांचं जुनं घर, पुढे अंगण आणि वृंदावन, मागे उतारावर कुळागर: पोफळी, त्यांच्यावर चढवलेली मिरी, केळी, ओहोळाच्या बाजूला चार जायफळं. मुलगा पुण्याला. घरात आजी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई, दोघीच. मुलाला काळजी एवढीच की रात्री काळोखात कोणी पायरीवरून पडू नये आणि पाण्यासाठी कोणाला कुळागरात उतरावं लागू नये. त्याने मला पहिल्या फोनवर सांगितलं, "ताई, मला मोबाइलवर दिवे पेटवायची हौस नाही. आईला उठावं लागू नये एवढंच बघा." हे काम मी आनंदाने घेतलं. आसगाव-शिवोलीच्या व्हिलांमध्ये पाहुणे येतात, जातात, रिमोट हरवतात. इथे माणसं राहतात.

पॅनेलमध्ये क्रेस्ट्रॉन या ऑटोमेशनच्या कंपनीचा थ्री-सीरिज प्रोसेसर आहे, म्हणजे घर चालवणारा छोटा संगणक. त्याआधीच्या टू-सीरिजवर एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा. थ्री-सीरिजपासून एकाच प्रोसेसरवर दहापर्यंत प्रोग्राम एकाच वेळी चालवता येतात, प्रत्येकाला आपापला स्लॉट. मी या घरात चार वापरले. पहिल्या स्लॉटमध्ये दिवे आणि सगळे रिले (प्रोग्रामच्या सांगण्यावर वीज चालू-बंद करणारे स्विच), दुसऱ्यात पाणी आणि शिंपणं, तिसऱ्यात एसी-पंखे, चौथ्यात गाणी आणि टीव्ही.

एकाच प्रोग्राममध्ये सगळं का घातलं नाही, हे मला बरेच जण विचारतात. कारण साधं आहे. प्रोग्राम बदलला की तो पुन्हा लोड करावा लागतो, आणि लोड होईपर्यंत त्यातलं सगळं बंद असतं. भजनांच्या यादीत एक चॅनेल वाढवायचं म्हणून रात्री आठ वाजता दोन म्हाताऱ्या बायकांच्या घरातली बटणं दीड-दोन मिनिटं मुकी करणं मला पटत नाही. वेगळे प्रोग्राम असले की फक्त गाण्यांचा स्लॉट खाली येतो, बाकीचं घर चालू राहतं. दुसरं म्हणजे चूक शोधायला सोपं जातं. एसीचं काही बिघडलं तर तिसरा स्लॉट उघडायचा, आठ हजार सिग्नलांच्या ढिगात हात घालायचा नाही.

पण घर एकच असतं. टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच, पाण्याच्या प्रोग्रामला कळतो आणि पंपाचा रिले दिव्यांच्या प्रोग्रामकडे असतो, कारण एक रिले एकाच प्रोग्रामने धरायचा हा माझा नियम आहे. म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला सांगायला हवं. इथे इथरनेट इंटरसिस्टिम कम्युनिकेशन्स, आपल्या बोलण्यात ईआयएससी, हा सिम्बॉल, म्हणजे प्रोग्राममध्ये टाकायचा तयार ठोकळा, येतो. तो दोन्ही प्रोग्राममध्ये टाकायचा, दोन्हीकडे एकच आयपी आयडी, म्हणजे जोडणीचा ओळखक्रमांक, द्यायचा, आणि दोघेही एकाच प्रोसेसरवर असतील तर पत्ता १२७.०.०.२ द्यायचा. १२७ ने सुरू होणारे पत्ते यंत्राच्या आतल्या आतच फिरतात, बाहेरच्या केबलवर जात नाहीत. त्यामुळे उंदराने लॅनची वायर कुरतडली तरी या दोन प्रोग्रामांचं बोलणं तुटत नाही. या वाटेने तीन प्रकारची गोष्ट जाते: डिजिटल म्हणजे चालू किंवा बंद, अ‍ॅनालॉग म्हणजे ० ते ६५५३५ मधला आकडा, आणि सीरियल म्हणजे मजकूर. प्रत्येकाला एक नंबर, त्याला जॉइन म्हणायचं.

आणि इथे पहिला धोका. दोन्ही बाजूंची जुळणी फक्त नंबरावर होते, नावावर नाही. माझ्या बाजूला १४ नंबरला मी "पंप चालू" लिहिलं आणि समोरच्या बाजूला १४ ला "वृंदावनाचा दिवा" लिहिला, तरी प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा कंपाइलर चकार शब्द काढत नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या घरी बरोबरच असतो. म्हणून मी प्रत्येक घरासाठी एक दोनशे पानी वही ठेवते. डाव्या पानावर जाणारे जॉइन, उजव्या पानावर येणारे, आणि प्रत्येकापुढे त्या गोष्टीचा मालक कोणता स्लॉट. एक्सेलही आहे, पण काळोख्या पॅनेलच्या खोलीत गुडघ्यावर वही बरी पडते, आणि वायरमनलाही ती वाचता येते.

सावईवेऱ्याची वही बरोबर होती. जॉइन जुळत होते. तरी विहीर आटली.

आजींचा फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी फोंड्याला माझ्या घरी बसून शिंपणाच्या वेळा बदलत होते. पोफळींना दोन दिवसांआड पाणी सोडायचं ते उन्हामुळे एक दिवसाआड करायचं होतं. बदल छोटा, स्लॉट दोनमधला. लांबूनच जोडणी करून प्रोग्राम लोड केला, पुन्हा सुरू झाला, वेळा बरोबर दिसल्या. लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर बसून लॉग, म्हणजे प्रोग्रामने आपोआप लिहिलेल्या नोंदी, वाचले. स्लॉट एकच्या लॉगमध्ये ७.१२ ला पंप चालू. त्यापुढे पंप बंद झाल्याची ओळच नाही. स्लॉट दोनच्या लॉगमध्ये ७.३८ ला प्रोग्राम थांबला, ७.४० ला सुरू झाला, आणि सुरू झाल्याझाल्या पहिलीच ओळ: टाकी भरलेली.

त्या दोन मिनिटांत टाकी भरली होती. माझं लॉजिक असं होतं की फ्लोट वर उचलला गेला की त्या क्षणी "पंप बंद कर" अशी एक पल्स, म्हणजे क्षणभराचा सिग्नल, पाठवायची. फ्लोट उचलला गेला तेव्हा बघायला प्रोग्राम जागाच नव्हता. जागा झाला तेव्हा फ्लोट आधीच वर होता, म्हणजे "उचलला जाणं" ही घटनाच त्याच्यासाठी घडली नाही. टाकी भरल्याचं त्याला माहीत होतं, लॉगमध्ये त्याने लिहूनही ठेवलं होतं, पण ते पलीकडे सांगायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. आणि पलीकडे स्लॉट एक, कोणीतरी "चालू" म्हणालं होतं आणि "बंद" कोणी म्हणालं नाही, म्हणून रात्रभर पंप चालवत राहिला.

टाकीचं वरून वाहणारं पाणी कुळागराच्या पाटात जातं. ती सोय मीच सुचवली होती, पाणी वाया जाऊ नये म्हणून. त्यामुळे अंगणात थेंब पडला नाही, कोणाला काही दिसलं नाही. पंप सबमर्सिबल, त्याचा आवाज नाही. विहिरीतलं पाणी खाली गेलं, पंप उघडा पडला, त्याला गार ठेवायला भोवती पाणी उरलं नाही, मोटरच्या आतल्या तारांचं वाइंडिंग जळलं आणि वीज तोडणारी एमसीबी पडली. स्टार्टर पॅनेलमध्ये ड्राय रन रिले, म्हणजे पाणी नसताना मोटर बंद करणारा रिले, असता तर एवढं झालं नसतं. माझ्या मूळ यादीत तो होता. "टाकीवर फ्लोट आहे, प्रोग्राम बघून घेईल" असं म्हणून मीच तो पुढच्या खेपेवर टाकला होता. तसं मी आता कुठल्याही घरात करत नाही. प्रोग्राम कितीही चांगला असो, मोटर वाचवायचं काम मोटरशेजारच्या तारेतच असायला हवं.

रिवाइंडिंगचा खर्च मी दिला. दोन दिवस शेजारच्यांनी आपल्या पंपाची पाइप कुळागरात सोडली. आजी एका शब्दाने रागावल्या नाहीत, उलट उन्हातून आले म्हणून सोलकढी दिली. ती घशाखाली उतरेना.

आता काय बदललं ते सांगते, कारण मुद्दा तोच आहे.

पहिली गोष्ट. दोन प्रोग्रामांमध्ये आता हुकूम जात नाहीत, स्थिती जाते. "चालू कर" आणि "बंद कर" अशा दोन पल्स काढून टाकल्या. त्यांच्या जागी एकच डिजिटल: "पाणी हवं आहे". हवं असेपर्यंत ती ओळ वर राहते, नको झालं की खाली येते. पल्स ही हाक आहे, ऐकणारा त्या क्षणी घरात नसेल तर ती हवेत जाते. धरून ठेवलेली स्थिती दारावर लावलेल्या पाटीसारखी, माणूस केव्हाही आला तरी वाचतो. आणि प्रोग्राम सुरू झाला की फ्लोट बदलायची वाट न बघता तो आधी आहे ती अवस्था वाचतो आणि तीच पाटीवर लिहितो.

पण एवढ्याने भागत नाही. पाटी लिहिणारा मेला तर पाटीवरचं शेवटचं वाक्य तसंच राहू शकतं. म्हणून दुसरी गोष्ट, हार्टबीट. स्लॉट दोन दर पाच सेकंदांनी एक अ‍ॅनालॉग आकडा एकाने वाढवतो. १, २, ३, असं ६५५३५ पर्यंत, मग पुन्हा शून्य. स्लॉट एक त्या आकड्याकडे बघत असतो. त्याला आकडा किती आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, तो बदलतो आहे की नाही एवढंच हवं. पंधरा सेकंद बदलला नाही तर पंप बंद, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. नुसती एक ओळ "मी जिवंत आहे" म्हणून वर धरून ठेवणं उपयोगाचं नाही, कारण अडकलेल्या प्रोग्रामची ओळसुद्धा वरच अडकते.

चवथीच्या आरतीला बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. घुमट आणि शामेळ ही आमच्या आरतीची तालवाद्यं. घुमटवाल्याने शामेळवाल्याकडे वळून बघायची गरज नसते. ठोका पडत असतो तोवर तो आहे. ठोका चुकला की सगळ्यांच्या माना आपोआप वर होतात.

तिसरी गोष्ट, स्लॉट एक रिलेची खरी अवस्था परत पाठवतो, वेगळ्या जॉइनवर. "मी सांगितलं" आणि "झालं" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजींच्या स्वयंपाकघरातल्या बटणावरचा हिरवा दिवा आता परत आलेल्या अवस्थेवर लागतो. आधी तो सांगितल्यावरच लागायचा, म्हणजे आपण त्यांना इच्छाच दाखवत होतो. आणि पंप एका दमात चाळीस मिनिटांच्या वर चालत नाही, कारण ती टाकी तेवढ्यात भरतेच.

एमक्यूटीटी, म्हणजे यंत्रांनी ब्रोकर नावाच्या मध्यस्थामार्फत एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत, वापरणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनवलं, आणि त्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पहिल्यापासून विचारात घेतलेली दिसतात. रिटेन केलेला संदेश म्हणजे माझी पाटी, नंतर आलेल्यालाही शेवटची अवस्था मिळते. आणि लास्ट विल म्हणजे मृत्युपत्रच: मी न सांगता गेलो तर माझ्या नावाने हा संदेश द्या, असं प्रोग्राम जोडतानाच ब्रोकरकडे लिहून ठेवतो. माझ्या स्वतःच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एमक्यूटीटीच आहे. त्याच्याशी मी रोज खेळते, आणि तरी सावईवेऱ्याला तोच विचार माझ्या हातून निसटला, याचं मला फार वाईट वाटतं. मधे ब्रोकर असला की तो कोणाचं निधन झालं हे सांगतो. दोन प्रोग्राम थेट एकमेकांशी बोलत असले की ते सांगण्याची व्यवस्था आपणच लावायची असते.

याच निमित्ताने बाकीचे स्लॉटही तपासले. चौथ्यात एक दुखणं निघालं. गाण्यांचा आवाज भिंतीवरच्या पॅनेलवरून स्लॉट एकमार्फत स्लॉट चारला जायचा, स्लॉट चार बदललेला आवाज परत पाठवायचा, आणि स्लॉट एक त्यालाच नवा हुकूम समजून पुन्हा पुढे द्यायचा. पट्टी हळू सरकवली तर काही कळायचं नाही. झटकन सरकवली की आवाज वर-खाली थरथरायचा. जाऊबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं की "भजन लावलं की बाय, ते शहारतं", आणि मी स्पीकरची जोडणी बघून आले होते. त्यांचं निदान माझ्यापेक्षा अचूक होतं. आता आवाजाचा मालक एकटा स्लॉट चार. बाकीचे मागणी करतात आणि तो सांगेल तो आकडा फक्त दाखवतात.

वीज गेली की काय होतं, हाही याच पोटातला प्रश्न. आपल्याकडे जूनच्या पहिल्या गडगडाटात वीज तासात चारदा जाते-येते. प्रोसेसर इन्व्हर्टरवर आहे, पण इन्व्हर्टरही कधी दम सोडतो. मग चारही प्रोग्राम एकदम उठतात, आणि त्यात कोण आधी उठेल यावर मी आता काहीच अवलंबून ठेवत नाही. जो उठेल त्याने समोरच्याचे तीन ठोके ऐकेपर्यंत कोणत्याही मोटरला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र संगणकापुढे गेला नाही, आजींच्या ओसरीवर गेला. प्रत्येक वस्तूसाठी एक प्रश्न विचारायचा होता: सांगणारा गप्प झाला तर हिने काय करायचं? हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये असं माझं ठाम मत झालं आहे, कारण उत्तर घरात राहणाऱ्यालाच माहीत असतं. पंप, बंद व्हायचा. अंगणाच्या पायऱ्यांवरचा दिवा, पेटायचा आणि पेटताच राहायचा. एसी, आहे तसा. मी देवघरातला दिवाही "आहे तसा" लिहिला तेव्हा आजींनी थांबवलं. "देवाचा दिवा तुझ्या मशिनीवर नको. भिंतीवरचं बटण सरळ दिव्याला जोड." वायरमनने त्याच दुपारी जोडून दिलं.

ही यादी मराठीत टाइप करून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. उद्या मी नसले आणि दुसरं कोणी दार उघडलं, तरी त्याला कळेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आजींच्या समोर चाचणी घेतली. पंप चालू केला, टाकीत पाण्याचा आवाज आला, आणि मी लॅपटॉपवरून स्लॉट दोन थांबवला. आजी मोठ्याने आकडे मोजत होत्या. चौदाला टाकीतला आवाज पडला. स्लॉट दोन पुन्हा सुरू केला, तीन ठोके झाले, पाणी हवं आहे ही पाटी वर आली आणि पंप लागला. आम्ही हे चारदा केलं. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "टाकी भरली की नाही ते तुझ्या मशिनीला कळतं. बावीत किती उरलं ते कुठे कळतं?"

कळत नव्हतं. माझ्या अख्ख्या वहीत विहिरीचा एकही जॉइन नव्हता. ज्या विहिरीवर सगळं चालतं तिला कोणी काही विचारतच नव्हतं. मग त्यांना रहाटाशी घेऊन गेले, दोरी सोडली, आणि लाल चिंधीपासून त्यांच्या हाताने दोन हात मोजून घेतले. त्याच्या खाली पाणी गेलं की पंप लागता कामा नये, हे त्यांनी ठरवलं. लेव्हल सेन्सर मागवला आहे. तोवर वहीच्या उजव्या पानावर जॉइन ३१ राखून ठेवला आहे, मालक स्लॉट दोन, आणि पुढे आजींचेच शब्द लिहिले आहेत: चिंधीखाली दोन हात.